सहाची हजेरी

लॉकडाऊनमध्ये बाबा रोज संध्याकाळी सहाला गच्चीवर जाऊन चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीची हजेरी घ्यायचे. शाळेत पीटी शिकवायचे, म्हणून सगळ्यांचे भास्कर सर. आपलं नाव आलं की खिडकीतून ‘हव’, म्हणजे ‘हो, आहे’, असं ओरडायचं. कोणी दुसऱ्यासाठी ओरडलं तर बाबा भडकायचे. "तू काहून ओरडली? ज्याची हजेरी त्यानंच लावायची!"

समोरच्या कुमुदमावशी एकट्या राहायच्या. त्यांचं ‘हव’ सगळ्यांत दणदणीत. एप्रिलमध्ये त्या दवाखान्यात गेल्या आणि तिथंच वारल्या. घराला कुलूप लागलं. बाबांनी मात्र हजेरीतून त्यांचं नाव वगळलं नाही. नाव घ्यायचे, जरा थांबायचे, मग पुढचं.

तेराव्या दिवशी त्या कुलपाआडून ‘हव’ आलं.

बाबांनी पुढचं नाव घेतलं. शेजारचा अनिमेष हळूच म्हणाला, "दीदी, अच्छा लगा ना?" खरंच बरं वाटलं होतं.

मग बाबाच तापानं पडले. मी त्यांच्या उशाशी बसले होते, गच्ची रिकामी होती. तरी सहाला नावं सुरू झाली, कुमुदमावशींच्या आवाजात, बाबांच्याच क्रमानं. घराघरातून ‘हव’ येत गेलं. मीही म्हटलं.

"भास्कर सर?"

बाबांचे डोळे मिटलेले होते. मी घाबरून खिडकीतून ओरडले, "हव!"

"तू नाही, पोट्टी," समोरून मायेनं आवाज आला. "त्यांनाच म्हणू दे. मी थांबून राहिली ना."