गड्याइतका रोज

"पाचशे म्हंजे पाचशे. एक रुपया कमी न्हाई," विजयमाला म्हणाली. समोरच्या चहाला तिनं हातही लावला नाही.

लालासाहेबांच्या द्राक्षबागेत घडांची विरळणी थांबून दोन दिवस झाले होते. विजयमाला बायकांच्या टोळीची मुकादम. मालकाशी दर तिनं ठरवायचा, पैसे तिनं घ्यायचे आणि बायकांना वाटायचेही तिनंच, अशी इथली रीत. तिच्या बावीस बायका बाहेर रस्त्याकडेला बसून होत्या. दोन दिवसांचा रोज बुडाला, तरी एकही फुटली नव्हती. "तू म्हणशील तसं," म्हाताऱ्या बनुबाईनं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं होतं.

"अगं, बाईला तीनशे हा साऱ्या शिवाराचा दर हाय," लालासाहेब म्हणाले.

"शिवाराचं सांगू नका, मालक. तुमचा गडी दुपारी झाडाखाली ताणून देतो, त्याला पाचशे. माझ्या बायका दिवसभर मान वर करून कात्री चालवत्यात. रातच्याला कूस बदलता येत न्हाई त्यास्नी. आन् त्यांना तीनशे?"

बोलता बोलता तिचा आवाज चढला. नाटक नव्हतं ते. बारा वर्षं तिनं स्वतः कात्री चालवली होती. मुकादम झाली तरी बाईपण सुटलं नाही. गड्यांच्या टोळीच्या गुंडा मुकादमाला गड्यामागं पन्नास सुटायचे, तिला बाईमागं वीस. हा सल तिला रोज टोचायचा.

लालासाहेबांनी बागेकडे पाहिलं. मणी फुगायला लागले होते. आणखी दोन दिवस गेले तर घड दाटून माल मातीमोल होणार. अडला हरी, दुसरं काय!

"बरं, पाचशे," ते शेवटी म्हणाले. "पण बोभाटा नको. बाकीचे बागवाले मला फाडून खातील."

"कुणाला कळायचं न्हाई."

"तुझ्या बायका बोलतील की."

"त्या माझ्याकडं लागल्या. तुमी काळजी करू नका."

विजयमाला उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी बाईला गड्याच्या बरोबरीनं मोजलं होतं. तिला एकदम रडूच आलं.

ती रस्त्यावर येताच बायका उठून उभ्या राहिल्या.

"काय म्हणाले गं मालक?" बनुबाईनं विचारलं.

विजयमालानं पदरानं डोळे पुसले.

"लय भांडले मी, मावशे. ऐकतच न्हाई गं माणूस. तीनशेच म्हणतोय. चला, उठा, लागा कामाला."