वाढत्या अंगाचा

"पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, काकू," दुकानदार म्हणाला. कुमुदताईंनी तुफानच्या छातीवरच्या हार्नेसखाली अख्खी मूठ घातली. "हाच द्या. वाढत्या अंगाचा बरा."

"कुत्रा तीन वर्षांचा आहे, आता कुठला वाढतोय!"

"आमच्याकडे सगळं वाढत्या अंगाचंच घेतात," ताई म्हणाल्या. शेजारी उभ्या त्यांच्या नवऱ्याने, साठीच्या नानांनी, पंजावर उतरलेल्या शर्टाच्या बाह्या निमूटपणे दुमडल्या.

दुकानाबाहेर मांजर दिसलं. तुफानने उसळी घेतली, रिकामा हार्नेस ताईंच्या हातात राहिला आणि कुत्रा रिक्षाखाली येता येता वाचला. नानांनी त्याला उचलून थेट आत आणलं.

"दोन बोटांचा द्या," ताई पुटपुटल्या.

नानांनी घसा खाकरला. "आणि इथे शर्टाचं दुकान कुठे आहे हो?"