सवाशीण

त्र्याऐंशी साली बहारीनमधल्या एका शाळेत आदिवासी कलेचा दिवस साजरा होणार होता. ड्रॉइंगच्या जोसेफीन टीचरांनी त्यासाठी आपल्या घरी कामाला आणलेल्या जिवलीलाच डायसवर उभं केलं. "मुलांनो, ही खरी वारली. हिला मान द्या, हिच्याकडून शिका."

जिवलीने गेरू दिलेल्या भिंतीवर झाडं लिहिली, मोर लिहिले, नाचणारी माणसं लिहिली. वारल्यांत चित्र काढत नाहीत, लिहितात. लग्नात देवीचा चौक लिहितात ती मधली जागा मात्र तिने कोरीच ठेवली.

"अगं, देवीचा लग्नचौक राहिला! पाहुणे येतील आता."

"चौक सवाशिणीनं लिवायचा, मॅडम."

"मग? तुझा नवरा आहे ना गावी?"

"व्हता. मागल्या महिन्यात गेला. मी लीव्ह मागितली, तवा तुमी म्हनलात, आधी प्रोग्राम खलास होऊ दे. कशाला पायजे, ते इचारलंच नाय."

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या थांबल्याचा आवाज आला. टीचरांनी जिवलीच्या हातातली काडी घेतली आणि तांदळाच्या ओल्या पिठात बुडवली.

"सरक जरा. मी आहे ना सवाशीण."