न कळल्यावर थांबणारा

आपल्याला कळत नाही हे कबूल करणारा जीव पृथ्वीवर क्वचितच जन्माला येतो. आमच्या ऑफिसात तो मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर जन्मला.

तो म्हणजे आमचा नवा डिबगर. दुसरा प्रोग्रॅम सांगितलेल्या ओळीवर थांबवून त्यातल्या चुका शोधून देणारा प्रोग्रॅम. टेस्टरबाईंनी त्याला मुद्दाम फसवी अट घातली: 'तापमान शंभरावर गेलं, तरच या ओळीवर थांब.' त्या प्रोग्रॅममध्ये तापमान नावाची चीजच नव्हती. जुना डिबगर अशा वेळी काही न बोलता पुढे निघून जायचा. हाही तसाच गेला, तर बाईंची उन्हाळाभराची मेहनत पाण्यात.

बाईंनी बटण दाबलं. तो थांबला. पडद्यावर उमटलं: 'अट तपासता आली नाही, म्हणून थांबलो आहे.'

सगळे खुर्च्यांवरून उठले.

"अगं बाई," टेस्टरबाई पुटपुटल्या, "न कळल्यावर थांबायचं असतं, हे कळतंय की याला!"

साहेबांचाही ऊर भरून आला. "माणसांना जमत नाही हो हे!"

"मग साहेब, पाठवायचा ना आता ग्राहकांना?" बाईंनी विचारलं.

"पाठवला की सकाळीच. तुमच्या टेस्टसाठी कुठे थांबत बसायचं?"

नवा तर जेवणानंतर तयार झाला; सकाळी गेलेला डिबगर जुना होता.