नुसती चौकट

"ताई, आधी दार लावून घ्या. मग निवांत बोला," फोनवरची बाई म्हणाली.

मोनिकानं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. चौकट होती, उंबरा होता, पलीकडं जानेवारीचं ऊन होतं. दार तेवढं नव्हतं. तिच्या खोलीला तर चौकटही नव्हती, जुन्या साडीचा पडदा होता. त्याच्याआड ती चार महिन्यांची पोर मांडीवर घेऊन बसली होती.

"दार न्हाई आमच्याकडं."

"म्हणजे, तुटलंय का?"

"न्हाईच. शनिशिंगणापूर हाय हे."

"अय्या, शिंगणापूर का! आम्ही येऊन गेलो दिवाळीत दर्शनाला." बाईचा आवाज खुलला. मग तिचं तिलाच कसंतरी झालं असावं. "माफ करा. बोला तुम्ही."

बोला म्हणे. कुठं बोलायचं? मनाच्या आजारासाठीचा हा मदतीचा नंबर तिनं पोरीच्या लसीला गेली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर वाचला होता, तळहातावर लिहून आणला होता. हा चौथा फोन. पहिला गोठ्यातून लावला, तर सासरे वैरण न्यायला आले. दुसरा संडासातून. तिथंही पडदाच, आणि पडद्याबाहेर बादली घेऊन सासू उभी. तिसऱ्यांदा ज्वारीत शिरली, तर थंडीवाऱ्यात लेकरू बाहेर काढलं म्हणून अर्ध्या आळीनं तोंडसुख घेतलं. उन्हाळा असता तर घर जरा तरी रिकामं मिळालं असतं. थंडीत सगळ्यांची बुडं त्या एका शेगडीला चिकटलेली. नवरा आदिनाथ शिर्डीहून भाविकांची गाडी घेऊन फिरतोय. "डोक्याचा डाक्टर? गाव काय म्हनंल?" एवढं बोलून तो मोकळा.

"झोप लागत न्हाई," ती कुजबुजली. "दोन महिने झाले. पोर झोपली तरी मी..."

"कोन हाय गं फोनवर?" शेगडीपाशी बसलेल्या सासूचा, मालनबाईंचा आवाज आला. "माहेरी चुगल्या चालल्यात व्हय?"

"कोन न्हाई, आत्याबाई."

"तीन बाळंतपनं काडली मी या घरात. कुनाला फोन लावला न्हाई. ओवा खा, शेक घे. बाळंतिनीचं वारं असतंय ते, आपोआप जातंय."

आणि आज नेमका शनिवार. गाव भाविकांनी भरलेलं, आणि सासरे पुंजाराम ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून घर दाखवायचं, हा त्यांचा शनिवारचा उद्योग.

"या, बगा. नुसती चौकट! कडी न्हाई, कोयंडा न्हाई. आज्याच्या टायमापासनं. शेजारच्यांनी लावली लोखंडी दारं, आमी न्हाई लावली. आमच्या घरात झाकून ठिवायसारखं कायबी न्हाई."

कुणीतरी कौतुकानं मान डोलावली. एकानं मोबाईल काढला आणि थेट आतपर्यंतचं शूटिंग सुरू केलं.

मोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, आहात ना?" फोनवरच्या बाईनं विचारलं. "मी स्पष्टच विचारते. स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का तुम्हाला?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. पोर दूध नीट पिते का, पोरीचं वजन किती, आता पोरगा कधी, हे सगळं सगळ्या गावानं विचारलं होतं. उत्तर तिच्या घशापर्यंत आलं, तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला. मालनबाई हात पुढं करून उभ्या होत्या.

"आन इकडं तो फोन."

मोनिका उठली. पोरीला खांद्याशी धरलं, सासूच्या बगलेतून बाहेरच्या खोलीत आली, शेगडी ओलांडली आणि थेट उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मग तिनं फोनचा स्पीकर लावला.

"वाटतं, ताई," ती मोठ्यानं म्हणाली. "रोज वाटतं. विहिरीकडं जायची मला भीती वाटती. म्हनून पान्याला जायचं सोडलं, तर आत्याबाई म्हंत्यात सून आळशी हाय. पोर रडली का मला तिचा राग येतो. मग माझाच येतो. वारंबिरं काय न्हाई लागलं मला. मी आजारी हाय! मला डाक्टर पायजे! आन येवढं सांगायला या घरात मला वीतभर जागा न्हाई!"

"बरं झालं सांगितलंत," बाईचा आवाज घरभर झाला. "फोन ठेवू नका, ताई. डॉक्टरांची सोय आपण आत्ताच करू. घरातलं कुणी आहे का जवळ?"

"सगळी हायेत. सगळी ऐकत्यात."

ओट्यावरची माणसं वळून आत बघू लागली. शूटिंगवाल्यानं मोबाईल खाली घेतला. मालनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पदराआडून दात-ओठ खात म्हणाल्या, "अगं हळू बोल की! भाईर लोकं हायेत."

"मग लावा की दार."

पुंजाराम खुर्चीतून उठले. त्यांचा हात चौकटीकडं गेला, आणि तिथंच चाचपडत राहिला.