कॅम्परमधली ओल

खिडकीची काच आतून पुन्हा ओली होती. अनिशने ती बाहीने पुसली, तर कडेची काळी बुरशी बोटांना लागली.

जुना कॅम्पर त्याने उन्हाळ्यात घेतला होता. पिकअपच्या पाठीवर चढवायची छोटी खोलीच ती: एक बेड, एक शेगडी, एक खिडकी. रीडिंग गावातल्या घरापुढे जागा नव्हती, म्हणून तो शेवटच्या बस-स्टॉपजवळच्या एका फार्मवर लोखंडी पायांवर उभा असे. किल्ली पायरीखाली.

घेतला तेव्हाही आत कुबट वास होता. पण तेव्हा मदतीला बाबा होते. त्यांनी बर्मिंगहॅममध्ये आयुष्यभर बसच्या बॉड्या जोडल्या होत्या.

"सगळा भिंत ओला आहे, बाबा."

"सगळी भिंत ओली आहे," बाबांनी सुधारलं. "आधी छत बघू."

दोघांनी मिळून छताच्या कडांचं जुनं सिलिकोन खरवडलं, नवं भरलं, कुजलेलं प्लाय बदललं. ऑक्टोबरपर्यंत कॅम्पर खडखडीत कोरडा झाला. बुरशी परत आली ती जानेवारीत.

बाबा एव्हाना पिनरला, लेक वैभवीकडे गेले होते. आई गेल्यावर त्यांनी बर्मिंगहॅमचं घर विकून पैसे दोघा भावंडांना वाटून टाकले, आणि तेव्हापासून ते आलटूनपालटून दोघांकडे राहत. नाताळाआधी अनिशचं बहिणीशी जोरात वाजलं. तनया, त्याची बायको, घरून काम करत होती. तिला बाबांची खोली हवी होती. वैभवी म्हणाली, माझ्याकडे मुलांनाच जागा पुरत नाही. त्यानंतर दोघांचं बोलणंच बंद झालं.

मग एका सकाळी बाबांनी स्वतःच बॅग भरली.

"वैभवीचा फोन आला होता. या म्हणाली."

"स्टेशनवर सोडू?"

"नको. बस आहे ना."

अनिशला हायसं वाटलं होतं. आता तो रविवारी न चुकता फोन करायचा.

"कसं आहे तिकडे, बाबा?"

"छान. कॅम्पर कोरडा झाला का?"

"नाही ना. गळत तर कुठेच नाही. तरी मोल्ड येतंय, गादीखालीसुद्धा."

"खिडकी थोडी उघडी ठेवायला हवी," बाबा म्हणाले. "उगाच तुला त्रास."

शेवटी त्याने कॅम्पर दुरुस्त करणाऱ्या एका बाईला बोलावलं. तिने भिंतींना, छताला ओल मोजायचं मीटर लावून पाहिलं.

"लीक नाही. ही श्वासाची वाफ आहे. झोपताना छतातला झरोका उघडा ठेवत जा."

"पण इथे कोणी झोपतच नाही."

"कोणीतरी झोपतंय," ती म्हणाली.

ती गेल्यावर त्याने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. वस्तू जागच्या जागी, उशा सरळ. म्हणजे कोणालातरी पायरीखालची किल्ली सापडली होती. त्याचं डोकं फिरलं. त्याच दुपारी त्याने नवं लॉक बसवलं आणि किल्ली खिशात घातली. गवतावरचं दव अजून गोठलेलंच होतं. तिथूनच त्याने बाबांना फोन लावला.

"काय झालं कळलं का? कोणीतरी खुशाल आत झोपत होतं. लॉक बदललं मी आत्ता."



"असेल कोणी बिचारा," बाबा म्हणाले. "थंडी आहे."

"असू दे ना. माझा कॅम्पर काय धर्मशाळा आहे?"

"नाही, नाही. बरं केलंस."

पुढच्या आठवड्यात काच कोरडी होती. अनिशने व्हिनेगरने भिंती पुसल्या, बुरशी धरलेली गादी टाकून नवी आणली. काम मनासारखं झालं तसं त्याला बाबांची आठवण झाली. ईस्टरला त्यांना स्कॉटलंडला न्यावं. त्याने फोन लावला. बंद. संध्याकाळी बंद, दुसऱ्या दिवशीही बंद.

मग अभिमान गिळून त्याने वैभवीला फोन केला.

"बाबांना दे ना जरा. त्यांचा फोन लागत नाहीये."

"माझ्याकडे कुठे?" वैभवी म्हणाली. "दादा, बाबा नाताळाच्या आधीपासून तुझ्याकडेच आहेत ना."