काष्ठमौन

पहिली काठी त्या पोराच्या पाठीवर बसली, तेव्हा चारुशीलाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन नुकत्याच वळणावर आल्या होत्या. पिंपळ अजून पुढे होता.

तलावाच्या काठाने येणारी पायवाट इथे सागाच्या झाडीत शिरते. चढ नाही, दगडधोंडे नाहीत. सकाळी इथे फिरतात ते गुडघे दुखणारे, बायपास झालेले, नुकतं प्लास्टर निघालेले. मारणारे तिघं मात्र धडधाकट होते.

"हात धरधरून काहून फिरून राहिले बे? घर नाही का तुम्हाले?"

"दादा, तिच्या पायात सळई आहे, तिला एकटीला..."

दुसरी काठी कानावर बसली आणि वाक्य तिथेच राहिलं. पोरगा गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. कानातून निघालेलं रक्त मानेवरून शर्टात उतरलं. हात सुटलेली मुलगी क्षणभर झोकांड्या खात उभी राहिली आणि मटकन खाली बसली.

"रितिका, तू उठू नको," तो मातीत तोंड खुपसून म्हणाला.

काकू दोघांना रोज बघत. बाकापासून निघायचे. तो उलटा चालायचा, तिचे दोन्ही हात धरून, लेकराला चालवतात तसा. काल तिसऱ्या सागापाशी त्याने हात सोडले आणि ती एकटी उभी राहिली. दोघं किती हसले. काकूंनाही हसू येत होतं, पण त्यांनी ते ओठांवर येऊ दिलं नाही.

चातुर्मासाचा नेम होता. घरून तांब्या उचलला की पिंपळाच्या मुळाशी पाणी घालेपर्यंत काष्ठमौन. शब्द नाही, हुंकार नाही, मान हलवणं नाही, हाताची खूण नाही. लाकूड होऊन जायचं. पक्षाघाताने नवऱ्याची, विश्वनाथरावांची वाचा गेली होती, ती परत यावी म्हणून. गेल्या आठवड्यात ते अंथरुणावरून "चा" म्हणाले. चहा की चारू, ते कळलं नाही. काकू त्या दिवशी देवापुढे तासभर रडल्या.

"थांबा बे, थांबा!" तिघांतल्या एकाने काठी खाली केली.

पियुष. काकूंच्या गल्लीतला. मंगळवारी न चुकता दूर्वा आणून देणारा. काकूंचं मौन म्हणून सकाळी मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत नेणारा.

त्याने चपला काढल्या आणि लांबूनच वाकून नमस्कार केला.

"काकू, तुम्ही बोलू नका. तुमचं मौन आहे, मले माहीत आहे. तुम्ही रोज येता इथं, तुम्ही पाहता सारं. फक्त मान हलवा. 'सोड' म्हणाल तर आत्ता सोडतो यायले."

मुलीने काकूंकडे पाहिलं. पोरानेही, एका डोळ्याने. दुसरा मिटला होता.

काकूंच्या कानात तो "चा" वाजत होता. मान ताठ राहिली.

"पाहा," पियुष जोडीदारांना म्हणाला. "देवमाणूस आहेत काकू. आपलं काही गलत असतं तर मान हलली असती."

त्याने चपला पुन्हा पायात घातल्या.

आता काठ्या घाईने पडत नव्हत्या. नेम धरून पडत होत्या. पोराने डोक्यावर धरलेली बोटं आधी मोडली, मग काठी तोंडावर आली. एक दात पालापाचोळ्यात पडला. मुलगी हातांवर सरपटत गेली आणि त्याच्या डोक्यावर पालथी पडली.

"नाटक करते का वं? उठ!" एकाने तिचे केस धरून तिला मागे ओढलं. तिचा सळईचा पाय वेडावाकडा पसरला. पियुषने त्याच गुडघ्यावर काठी उगारली.

"पियुष!"

आवाज कुणाचा, ते काकूंनाही आधी कळलं नाही. तांब्या डाव्या हाताने छातीशी धरून त्या मध्ये शिरल्या. काठी खाली यायला निघालीच होती. ती त्यांच्या उजव्या मनगटावर आली. हाड वाजलं. हिरव्या बांगड्या फुटल्या आणि काचा मांसात घुसल्या.

"हात लावून तर बघ तिला! तंगडी मोडून हातात देईन, मेल्या!"

केस धरणारा केस सोडून पळाला. तिसरा त्याच्यामागे. पियुषच्या हातातून काठी गळून पडली. तो रक्ताकडे बघत नव्हता, त्या पोराकडे बघत नव्हता. काकूंच्या तोंडाकडे बघत होता.

"काकू, तुमचं मौन मोडलं." त्याचा आवाज रडवेला झाला. "आता काकाजींचं काय होईन? पिंपळ तर तिथंच होता, त्या वळणाच्या पल्याड. जराशा थांबल्या असत्या तुम्ही..."

काकू खाली बसल्या. पोराचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मोडलेला हात तसाच लोंबू दिला आणि डाव्या हाताने पिंपळाचं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. पाणी लाल होऊन बाहेर आलं, लुगड्यावर सांडलं, सागाच्या पानांत गेलं. त्यांनी पुन्हा सोडलं. तांब्या रिकामा होईपर्यंत सोडत राहिल्या.

मग नेहमीच्या हळू आवाजात, वर न बघता म्हणाल्या,

"तुझ्या काकाजींना वाचा असती ना पियुष, तर ते पहिल्याच काठीला बोलले असते."